शेपटीवरचा नंबर

जुन्या प्लॅस्टिक किटमधली सगळ्यात खोटी गोष्ट म्हणजे रिव्हेट. साचा बनवणाऱ्यांना बहुतेक वाटायचं, विमान म्हणजे पत्रा आणि पत्रा म्हणजे रिव्हेट. म्हणून पंखांवर, पोटावर, शेपटीवर सगळीकडे उठून दिसणारे ठिपके. माझ्याकडच्या मिग-२१च्या किटवर असा एक ठिपका अर्धा मिलिमीटर भरतो. किट १/७२ मापाचं, म्हणजे खऱ्या विमानावर तो रिव्हेट ३६ मिलिमीटरचा झाला. सोड्याच्या बाटलीच्या बुचापेक्षा मोठा. असलं विमान आवाजाच्या दुप्पट वेगानं उडवून दाखवा.

हे किट मला पुण्यात मिळालं, एका गृहस्थांनी माळा आवरायला काढला तेव्हा. खोका चेपलेला, स्टिकर पिवळे पडलेले, साचा माझ्या वडिलांच्या वयाचा. आज बाजारात मिग-२१ची इतकी सुंदर किट्स मिळतात की भाग आपसूक एकमेकांत बसतात. मग हे कशाला? मी दिवसभर दुसऱ्यांनी दहा वर्षांपूर्वी लिहिलेला कोड दुरुस्त करतो, त्यामुळे सवय असेल. पण खरं कारण वेगळं आहे. खोक्यात होतं ते मिग-२१ पीएफ, आणि पीएफच्या घराण्यातलंच एफएल हे मॉडेल आमच्या ओझरला बनायचं. आमचे आबा त्याच्या पंखांवर रिव्हेट मारायचे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मिग-२१ भारतात आलं १९६३मध्ये. पुढच्याच वर्षी नाशिकजवळ ओझरला एचएएलचा कारखाना उभा राहू लागला. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी वाटणी. ओझरला दोनशेच्या वर एफएल बनली, मग त्याच्या पुढच्या आवृत्त्या. आबा लागले तेव्हा एफएलचं काम जोरात होतं. द्राक्षाच्या गावातला आयटीआय झालेला पोरगा, एकदम सुपरसॉनिक विमानावर.

किट सुधारायचं म्हणजे आधी मोजायचं. खऱ्या मिगच्या पंखांचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा विस्तार ७.१५ मीटर. भागिले ७२, म्हणजे ९९ मिलिमीटर. व्हर्नियर लावला तर ९६ आले. दोन्ही टोकांना दीड-दीड मिलिमीटरची प्लॅस्टिकची पट्टी चिकटवली, पुटी भरली, पॉलिश पेपर मारला. आधी ४००, मग ८००, मग पाण्यात बुडवून १२००. त्याच घासाईत ते खोटे ठिपकेही गेले. पत्र्यांच्या जोडरेषाही या किटवर उंचवटा म्हणून होत्या; त्या घालवून सुईच्या टोकानं पुन्हा कोरल्या. हे काम फार सावकाश चालतं. जाड चिकटपट्टी कडेला लावायची, सुई हलक्या हातानं तीनदा ओढायची. चौथ्यांदा ओढली की ती हमखास भरकटते.

कॉकपिटमध्ये किटनं दिलं होतं एक बाकडं आणि त्यावर डोकं नसल्यासारखा माणूस. दोन्ही काढून टाकले. आतला रंग तो खास रशियन हिरवट-निळा, आणि समोरच्या पॅनेलवर मधोमध एक पांढरी उभी रेघ. ही रेघ मला या विमानात सगळ्यात जास्त आवडते. विमान गिरक्या खात खाली निघालं तर वैमानिकानं दांडा त्या रेघेच्या सरळ रेषेत आणायचा. एवढं घाबरलेल्या माणसाला वाचता येईल असा यूजर इंटरफेस मी अजून लिहिलेला नाही.

नाकातला शंकू बसवण्याआधी मागे सायकलचे छर्रे भरले, नाहीतर मॉडेल शेपटीवर बसतं. नाकावरची पिटो नळी मोडलेली होती. इन्शुलिनच्या दोन सुया एकात एक घालून नवी केली. एफएलला आत तोफ नव्हती. म्हणून पोटाखाली २३ मिलिमीटरच्या दुनळी तोफेचा पॉड लटकवत. १९७१च्या युद्धात त्याचा उपयोग झाला. ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाऊसवर १४ डिसेंबरला रॉकेटं डागली तीही याच एफएल मिगांनी. किटमध्ये पॉड नव्हता, तो मी उरलेल्या काड्या तापवून, घासून बनवला.

दर पंधरवड्याला ओझरला जायचो तेव्हा मॉडेल डब्यात घालून न्यायचो. आबांनी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा चष्मासुद्धा लावला नाही. अंगठ्याचं नख पंखावरून फिरवलं.

"गुळगुळीत आहे."

"ठिपके घासले आबा."

"बरं केलंस. आमचं असंच लागायचं. डोकं पत्र्यात बुडालं पाहिजे. वर राहिलं तर इन्स्पेक्टर खडूनं गोल करायचा. खडू दिसला की पोटात गोळा."

मग बराच वेळ बोलले. एक जण बाहेरून गन धरायचा, दुसरा आतून डॉली टेकवायचा. डॉली म्हणजे लोखंडाचा ठोकळा. पंखाच्या आतली जागा इतकी अरुंद की बारीक हाताच्या पोरांना मागणी. बोलणं शक्य नसायचं, म्हणून पत्र्यावर टकटक: एकदा म्हणजे मार, दोनदा म्हणजे पुन्हा मार. डॉली धरणारा जोडीदार बावीस वर्षं एकच होता. मी मॉडेलांवर खूप वाचलं आहे, पण ही टकटक कुठल्याच पुस्तकात नव्हती.

रंगाबद्दल त्यांचा एकच आक्षेप होता. "सगळा पत्रा एका रंगाचा नसतो रे." म्हणून चकचकीत काळ्यावर ॲल्युमिनियमचे चार वेगवेगळे हात दिले, आणि नोझलजवळ थोडा जळका तपकिरी. मागून पाहिलं तर आता खरंच वापरलेलं वाटतं.

राहिलं चिन्हांचं. खोक्यात लाल तारे होते. आपलं चक्र, म्हणजे केशरी मध्य, पांढरं कडं, बाहेर हिरवं, मी लॅपटॉपवर काढलं आणि पांढऱ्या डिकल पेपरवर छापून घेतलं. साध्या प्रिंटरला पांढरा रंग छापता येत नाही, म्हणून कागदच पांढरा. आणि त्याच शीटवर नंबर. एफएलचे नंबर सी या अक्षरानं सुरू होतात. मॉडेल करणाऱ्यांत एक शिस्त असते: विमान 'कुठलंतरी' नसावं. अमुक नंबरचं, अमुक स्क्वाड्रनचं, अमुक वर्षी असं दिसणारं. मलाही ती शिस्त पटते. मी आबांना विचारलं, तुमच्या हातून गेलेल्या एखाद्याचा नंबर आठवतो का?

आबा काही बोलले नाहीत. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारलं.

"आठवतात की."

"मग सांगा ना. तोच टाकतो."

"नको."

'रंग दे बसंती' टीव्हीवर लागला होता तेव्हा मी शाळेत होतो. मिग पडतं, तरुण वैमानिक जातो, आणि दोष निघतो निकृष्ट सुट्या भागांवर. सिनेमा अर्ध्यावर असताना आबा उठून अंगणात गेले होते आणि बराच वेळ नळीनं झाडांना पाणी घालत होते. त्या विमानाला लोक 'उडती शवपेटी' म्हणायचे. शाळेत मीही एकदा हौसेनं हा शब्द घरी आणला होता. साठ वर्षांत शेकडो मिग-२१ अपघातांत गेली, कितीतरी तरुण वैमानिक गेले. कारणं अनेक: जुनं इंजिन, पक्षी, अवघड लँडिंग, नवशिक्यांसाठी सोप्या जेटची उणीव. मी ही यादी आबांना कधी वाचून दाखवली नाही. ती त्यांना माझ्याहून चांगली पाठ आहे.

आमच्या धंद्यात 'गिट ब्लेम' नावाची कमांड आहे. कोडची कुठलीही ओळ दाखवा, ती कोणी लिहिली आणि कधी, ते सांगते. प्रॉडक्शन रात्री दोनला कोसळलं की सकाळी नऊपर्यंत नाव सापडतं. आबांच्या कामावरही शिक्के असणार, कार्डं असणार. पण पेपरात बातमी यायची ती फक्त नंबराची किंवा तीही नाही. राजस्थानात एक, पंजाबात एक. कारखान्यात त्या दिवशी डबा खाताना कोणी कोणाकडे बघायचं नाही, एवढंच आबा बोलले. "नंबर टाकशील, आणि मग मोबाईलवर बघशील त्याचं पुढं काय झालं. तुला सवयच आहे बघायची."

ते खरं होतं. मी सगळ्या नंबरांची यादी आधीच उतरवून ठेवली होती.

२६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला मिग-२१चा निरोप झाला. एफएल तर २०१३मध्येच गेलं होतं, ही शेवटची बायसन होती. आबांनी ते माझ्या मोबाईलवर पाहिलं, पाण्याच्या फवाऱ्यातून जाणारी विमानं. काही म्हणाले नाहीत, फक्त स्क्रीनवर पंखाजवळ बोट नेलं आणि त्यामुळे व्हिडिओ थांबला. मी पुन्हा चालू करून दिला.

मॉडेल आता ओझरला टीव्हीच्या शेजारी आहे. चक्रं लावली, शेपटीवर तिरंगी पट्टा लावला, तोफेचा पॉड लावला. नंबरांची शीट माझ्या ड्रॉवरमध्ये. मॉडेलवाल्या मित्राला फोटो पाठवला तर त्याचा पहिला मेसेज: नंबर राहिला बघ. परवा आबांनी विमान उलटं करून शेजारच्या पोराला दाखवलं, डाव्या पंखाच्या खाली, चाकाच्या खाचेजवळ बोट टेकवून. "इथं मी असायचो. आत सदा."