अहो, गाणी तर सगळीकडे तीच आहेत!

हातातलं काम ठेवा बाजूला! मला आत्ताच्या आत्ता कुणाला तरी सांगायचंय! स्पॉटिफाय, अ‍ॅपल म्युझिक आणि यूट्यूब म्युझिक, तिन्ही अ‍ॅप्स एकाच फोनवर घेऊन बसलेय मी! भाचा सहज म्हणाला, "मावशी, दर महिन्याला पैसे भरतेस ते नेमके कशाचे?" झालं! तेव्हापासून जेवणावर लक्ष नाही.

आधीच सांगते, मला सुरातलं कळत नाही आणि तंत्रातलं त्याहून कमी. पण किशोरीताई इथेही आणि तिथेही! अजय-अतुल इथेही आणि तिथेही! स्पॉटिफाय म्हणतं दहा कोटींहून जास्त गाणी, अ‍ॅपलही तेच म्हणतं. दहा कोटी! एवढी ऐकायला किती जन्म घेऊ? मग लोक एकाच अ‍ॅपला चिकटून का बसतात?

आवाजामुळे असेल? अ‍ॅपलने २०२१ मध्ये 'लॉसलेस' आणलं, म्हणजे रेकॉर्डिंगमधलं काहीही न गाळता. स्पॉटिफायवर ते यायला २०२५ उजाडलं. मग मी डोळे मिटले आणि भाचा एकच गाणं आलटूनपालटून लावत बसला आणि मला काडीचा फरक कळेना आणि मग तो शांतपणे म्हणतो, "मावशी, तुझे इअरबड्स ब्लूटूथचे आहेत, आणि ब्लूटूथ वाटेत गाणं पुन्हा दाबतं!" अरे देवा! लॉसलेस खरंच ऐकायचं तर सहसा वायर हवी! किती जणांना माहीत असेल हे?

अ‍ॅपलवर आणखी एक गंमत आहे: गायकाचा आवाज बारीक करायचा आणि त्याच्या जागी आपण गायचं! शेजाऱ्यांनी दार वाजवलं. ते जाऊ दे.

आणि मग सोमवार आला! स्पॉटिफायवर २०१५ पासून दर सोमवारी 'डिस्कव्हर वीकली' येतं, आपल्यासाठी निवडलेली तीस गाणी. माझ्या यादीत अभिषेकीबुवांच्या पदानंतर थेट बेगम अख्तर! मी उडालेच! यांना कसं कळलं? तर म्हणे आपल्यासारखीच गाणी ऐकणाऱ्या लोकांच्या याद्या हे अ‍ॅप चाळतं आणि त्यात काय काय शेजारीशेजारी आहे ते बघतं. म्हणजे कुठेतरी, कदाचित नागपुरात, कदाचित न्यू जर्सीत, एका अनोळखी माणसाने ही दोघं एकाच यादीत ठेवलीत आणि मग ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन पोचलीत! कोण असेल तो माणूस? जेवला असेल का?

आणि इथेच गोम आहे, बघा! याद्या दुसऱ्या अ‍ॅपवर नेता येतात, त्यासाठी वेगळी साधनंही मिळतात. पण पहाटे काय लावता, कुठलं गाणं निम्म्यात तोडता, ही सगळी ओळख मागेच राहते! नेहमीचा वाणी बदलला की तांदूळ कोणता लागतो ते पुन्हा पहिल्यापासून सांगत बसायचं, तसं! शिवाय फॅमिली प्लॅनमध्ये सहा जण! आमच्या घरात सहा जणांचं चहाच्या साखरेवर एकमत होत नाही, तिथे अ‍ॅप कोण बदलणार? आणि वर्षाच्या शेवटी वर्षभर काय ऐकलं त्याचा हिशेब घेऊन स्पॉटिफायचं 'रॅप्ड' येतं, दहा महिने इथे ऐकलं आणि नोव्हेंबरात सोडून गेलं तर तो कोण दाखवणार? हुशार आहेत हो! (एअरटेलने २०२४ मध्ये आपलं विंक हे गाण्यांचं अ‍ॅप बंदच करायचं ठरवलं, तेव्हा तिथल्या लोकांना मात्र निघावंच लागलं.)

बरं, तुमचा फोन कुठाय? आणा इकडे! उघडा ती सोमवारची यादी. नाही, पहिलं गाणं नको, ते ओळखीचं असेल, खाली सरकवा, अजून खाली... हं, हे कोण? लावा, लावा!