अंगणांतील तलाव : फायबरचा कीं काँक्रीटचा ?

मुंबईस राहणारीं नातवंडें सुट्टींत घरीं रमावीं म्हणून रत्नागिरीच्या अंगणांत पोहण्याचा तलाव असावा, ही इच्छा स्तुत्यच होय. आमच्या घरीं मात्र मुलानें फायबरचा व पुतण्यानें काँक्रीटचा पक्ष घेतला, आणि निवाडा आम्हांकडे आला.

फायबरचा तलाव म्हणजे कारखान्यांतून आलेलें अखंड पात्र. तें गुळगुळीत असल्यानें शेवाळ कमी धरतें, औषधेंही कमी लागतात. परंतु तें ट्रकवरून घाट उतरून आणावें व क्रेननें खड्ड्यांत ठेवावें लागतें. पाखाडीवरील घरास हें अशक्यच. काँक्रीट जागेवर ओततां येतें, हवा तो आकार घेतें. मात्र ठरलेली ताकद येण्यास २८ दिवस लागतात, खरखरीत गिलाव्यावर शेवाळ धरतें, आणि खाऱ्या हवेनें आंतील सळ्या गंजतात.

दोघांचेंही म्हणणें खरें. पण मुख्य प्रश्न जमिनीचा आहे. येथें वर्षास ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि सच्छिद्र जांभ्यांतून आषाढांत पाणी वर चढतें. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद व सव्वा मीटर खोल तलाव त्या वेळीं रिकामा केला, आणि भोंवतालचें पाणी तळापासून अर्धा मीटर चढलें, तर खालून १६ टनांचा रेटा बसतो. फायबरचें पात्र एक-दोन टनांचें. मिरकरवाड्याच्या होडीप्रमाणें तें उचललें जाणार. २० सेंटिमीटर जाडीचें काँक्रीट सुमारें ३० टन भरतें, म्हणून तग धरील. पाणी कांठापर्यंत आल्यास तेंही धोक्यांत. यास्तव तळाखालीं खडी व निचऱ्याचा चर, आणि पावसाळ्यांत तलाव भरलेला ठेवणें, हीं बंधनें दोन्ही पक्षांस सारखींच.

या तलावांत ४०,००० लिटर पाणी मावतें. २०१९ सालच्या जलजीवन मिशननें माणशीं रोज ५५ लिटर हें प्रमाण धरलें. त्या हिशेबानें शंभर माणसांच्या वाडीचें हें सात दिवसांचें पाणी झालें! वापी, कूप, तडाग यांस पूर्वजांनीं पूर्तधर्मांत गणलें, तें लोकांची तहान भागावी म्हणून. वैशाखांत शेजारची विहीर तळ गांठीत असतां आपण तलाव भरीत बसणें शोभत नाहीं.

तेव्हां आमचा निवाडा असा : निचरा आधीं करावा, वाट रुंद असेल तर फायबर, पाखाडी असेल तर काँक्रीट. तलाव पागोळ्यांच्या पाण्यानें, गाळून भरावा. विहिरीस हात लावूं नये. आणि घरांत लहान मुलें आहेत, म्हणून भोंवतीं कुलुपाचें कुंपण हवेंच.