आमच्या शेळ्या आणि माझी हजेरी

मी इयत्ता चौथीत शिकते. आमचे गाव बीड जिल्ह्यात आहे. शेती कोरडवाहू, म्हणून दसरा-दिवाळी झाली की पुष्कळ माणसे ऊस तोडायला जातात. नवरा-बायकोला मिळून एक कोयता म्हणतात. मुकादम आधीच उचल देतो. ती फिटेपर्यंत परत येता येत नाही.

मी दुसरीत असताना, २०२३ साली, आईबाबांबरोबर गेले होते. आम्ही फडाजवळ कोपीत राहायचो. आई अंधारातच फडात जायची आणि मी भावाला सांभाळायचे. तो तेव्हा आठ महिन्यांचा होता. एकदा मी पाणी आणायला गेले आणि तो रांगत चुलीजवळ गेला. त्याच्या हातावर अजून डाग आहे. आईने मला मारले नाही. ती नुसती बसून राहिली.

मग आई बचत गटात गेली. गटाच्या कर्जातून तिने दोन उस्मानाबादी शेळ्या घेतल्या. या शेळ्यांना अनेकदा जुळी करडे होतात. आमच्या सहा झाल्या होत्या, पण एक करडू लांडग्याने नेले. आई म्हणाली, "औंदा उचल घ्यायची नाही." मला फार आनंद झाला.

पण शेळ्या चारायला कोण नेणार? आई-बाबा रोजाने जातात. म्हणून मीच नेऊ लागले. आधी एक दिवस, मग दोन दिवस, असे करता करता बारा दिवस खाडा झाला. गुरुजी हजेरीपट घेऊन घरी आले. म्हणाले, २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शाळेचा हक्क आहे. आई म्हणाली, "हक्क हाय गुरुजी, पण शेळ्या कुणी बघायच्या?" गुरुजी गप्प बसले. आईला वाचता येत नाही. तिने बोटाने खुणा मोजल्या. बारा.

गटाच्या बैठकीत आईने हे सांगितले. एक काकू म्हणाली, "मग इकून टाक शेळ्या." दुसरी म्हणाली, "माझं पोरगं बी शेळ्यांमागंच हाय." खूप भांडण झाले. शेवटी ठरले की आठ घरांच्या शेळ्या एकत्र करायच्या आणि रोज एका घरच्या मोठ्या माणसाने न्यायच्या. सचिव काकूंना जोडाक्षरे नीट येत नाहीत, म्हणून ठराव मी लिहिला. 'शाळेच्या वेळात मूल पाठवू नये' याच्याखाली मी रेघ मारली.

माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण मात्र ऊसतोडीला गेली. तिच्या आईला गटात घेतले नाही. सहा महिने गावात नसते, हप्ता कसा भरणार, असे बायका म्हणाल्या. काही गावांत अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृह असते. मुले आजीजवळ राहतात आणि जेवण मिळते. पण तिची आजी वारली. तिचा लहान भाऊ आता चालायला लागला आहे. मी तिला जाताना सांगितले आहे, की चूल विझल्याशिवाय पाण्याला जाऊ नको.