रानकुत्रा, पोलिसाचा कुत्रा आणि सरोता

मुलांनो, वर्धा सोडून गाडी बल्लारशाकडे निघाली, की चंद्रपूरच्या अलीकडे आमचं वरोरा स्टेशन लागतं. बाबा आमट्यांचं आनंदवन इथलंच. लांबून आलेले पाहुणे ते बघतात आणि परत गाडीत बसतात. पण वरोऱ्याहून दोन रस्ते फुटतात. एक शेगाव, खडसंगीवरून चिमूरकडे. दुसरा भद्रावतीवरून चंद्रपूरला आणि पुढे गडचिरोलीला. दोन्ही रस्ते एकेका कुत्र्याची ओळख करून देतात.

आधी चिमूरचा रस्ता. एस.टी.ने खडसंगी गाठलं की ताडोबाचं जंगल जवळ येतं. ताडोबा म्हटलं की सगळे वाघच विचारतात! पण तिथे रानकुत्राही राहतो. तांबूस रंग, काळी झुपकेदार शेपटी, वजन अवघं १२ ते २० किलो, म्हणजे चौथी-पाचवीतल्या मुलापेक्षाही कमी. तो गावातल्या कुत्र्यासारखा भुंकत बसत नाही. कळप पांगला की शीळ घालून एकमेकांना बोलावतो. आणि हा एवढासा प्राणी कळपाच्या जोरावर दीड-दोनशे किलोचं सांबर पाडतो.

हे वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "सर, पोलिसाचा कुत्रा अन् रानकुत्रा, कोनाचा चावा जास्त?"

याचं उत्तर आजीच्या पानाच्या डब्यात आहे. अडकित्ता, आमच्याकडे त्याला सरोता म्हणतात. सुपारी टोकाशी धरली तर फुटत नाही. बिजागरीजवळ सरकवली की कट्कन तुटते. कुत्र्याचा जबडा असाच. पुढचे लांब सुळे धरून ठेवायला आणि मागे, बिजागरीजवळ, कातरीसारख्या दाढा. जोर येतो तो गालातल्या आणि कानशिलावरच्या स्नायूंतून. कानशिलावर बोटं ठेवून फुटाणे चावून बघा, तुमचाही स्नायू हलताना लागेल. पाळीव कुत्र्याला ४२ दात असतात, रानकुत्र्याला ४०. खालच्या जबड्यातली शेवटची दाढ त्याला दोन्ही बाजूंना नसते. मांस कापून भराभर गिळणाऱ्याला तिची गरजही नाही.

आता आकडे. २००५ साली अमेरिकेत एका दूरदर्शन कार्यक्रमासाठी चाव्याचा जोर मोजला, तेव्हा जर्मन शेफर्डचा शंभर किलोच्या थोडा वर आणि रॉटवायलरचा दीडशे किलोच्या आसपास भरला. पण कुत्रा काही तराजूवर मन लावून चावत नाही. राग, भीती, खेळ, प्रत्येक वेळी जोर वेगळा. म्हणून तक्त्यांवर छापलेल्या मोठमोठ्या आकड्यांवर माझा फारसा भरवसा नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी कवट्या मोजून वेगळा हिशेब मांडला: सगळे प्राणी एकाच आकाराचे असते तर? त्या हिशेबात आपला रानकुत्रा चक्क वाघाच्या पंगतीला बसला.

आता दुसरा रस्ता. २ जानेवारी हा महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिन. त्या आठवड्यात पोलीस शाळेतल्या मुलांना हत्यारं आणि श्वानपथक दाखवतात. एका वर्षी मी पोरांना घेऊन चंद्रपूरला गेलो होतो. जाड गोणपाटाची बाही चढवलेला एक 'चोर' मैदानावरून पळाला आणि जर्मन शेफर्ड त्याच्या मागे सुटला. दोन-तीन ढांगांत बाही त्याच्या तोंडात! चोर पाय घट्ट रोवून गरगर फिरला, कुत्रा हवेत लोंबकळला, पण पकड सुटली नाही. पोरांनी टाळ्या पिटल्या. मग हवालदारकाकांनी एकच शब्द उच्चारला, आणि कुत्र्यानं बाही सोडून दिली. ओढलं नाही, दुसऱ्यांदा चावलं नाही. चोराकडे डोळे लावून नुसता उभा राहिला.

"पकडायला तो लवकर शिकतो," काका म्हणाले. "खरे कष्ट सोडायला शिकवताना पडतात." बरोबरच आहे. चोराला कोर्टापुढे उभं करायचं असतं, फाडून टाकायचं नसतं.

तिथेच एका मुलीनं विचारलं, गल्लीतलं पिल्लू चावलं तर? काका गंभीर झाले. तिथे जोराचा हिशेबच नाही. जराशा ओरखड्यातूनही रेबीज होऊ शकतो, आणि तो एकदा सुरू झाला की माणूस वाचत नाही. जखम वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना लावायचा नाही, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते. आईबाबा रागावतील म्हणून चावा लपवून ठेवणारी पोरं मला माहीत आहेत, म्हणून हे इथे लिहिलं.

आता गंमत ऐका. आपल्या पोलिसांचा सगळ्यात नावाजलेला कुत्रा चावण्यासाठी नावाजलेला नव्हताच. मुंबईचा 'जंजीर' लॅब्रॅडॉर होता. शिकाऱ्यानं पाडलेला पक्षी दात न लावता आणून द्यावा, म्हणून ही जात वाढवलेली. १२ मार्च १९९३ ला मुंबईत साखळी बॉम्बस्फोट झाले, आणि तीनच दिवसांनी धनजी स्ट्रीटवर उभ्या असलेल्या स्कूटरमधलं आरडीएक्स जंजीरनं हुंगून काढलं. पुढे त्याच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब जमा झाले. १६ नोव्हेंबर २००० ला तो हाडांच्या कर्करोगानं गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली.

सैन्यातला 'ॲक्सेल' मात्र हल्ला करणारा, बेल्जियन मॅलिनॉय जातीचा. ३० जुलै २०२२ ला काश्मीरमध्ये बारामुल्ला जिल्ह्यात अतिरेकी लपलेल्या घरात जवानांच्या आधी त्याला सोडलं होतं. पहिली खोली त्यानं पार केली, दुसरीत गोळी लागली. त्या गोळीपुढे त्याचे दात काय करणार? पण आतला माणूस कुठे आहे, ते बाहेरच्यांना कळलं.

चंद्रपूरहून मूल, सावली करत रस्ता वैनगंगेच्या पुलावरून गडचिरोलीत शिरतो. याच जिल्ह्यात, कुरखेडा तालुक्यातल्या जांभुळखेड्याजवळ १ मे २०१९ ला भूसुरुंग फुटला. १५ पोलीस आणि गाडीचा चालक गेले. असे रस्ते तपासताना कुत्रा दोरीच्या टोकाला पुढे चालतो, नाक जमिनीला टेकवून. सुरुंगाचा वास आला तरी त्यानं भुंकायचं नाही, उकरायचं नाही, तोंड तर मुळीच लावायचं नाही. जागच्या जागी गप्प बसायचं. तो बसला की मागची सगळी रांग थांबते.