थोडकें आणि दखल

जे शब्द आपण नित्य वापरतों त्यांच्याकडे क्वचितच वळून पाहतों. ‘थोडक्यांत उत्तर लिहा’ असें आम्ही फळ्यावर लिहितों, तेव्हां कांहीं मुलें अर्धवट लिहून मोकळीं होतात. परंतु थोडकें आणि अपुरें यांत मोठें अंतर आहे. ‘संक्षेप’ या शब्दांत ‘क्षिप्’, म्हणजे टाकणें, हा धातु आहे खरा. पण त्यामागें ‘सम्’ आहे. टाकून देणें नव्हे, एकत्र करणें, असा त्याचा भाव. प्रभूची प्रार्थना मिनिटभरांत म्हणून होते. तरी भाकरीपासून क्षमेपर्यंत मनुष्याच्या गरजेचें तींत कांहीं राहिलेलें नाहीं. हा खरा संक्षेप.

आतां दुसऱ्या बाजूचे शब्द पाहूं. आमचा नांदेड-लातूरचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता व वरिष्ठ सरकारी कामकाज उर्दूंत चाले. ताकीद, मुदत, दखल हे अरबी शब्द मराठींत फार पूर्वींच आले. आमच्याकडे ते कचेरीच्या कागदांतूनही घरोघर रुळले. नोटीस इंग्रजींतून आली. दवंडी कानांसाठीं, नोटीस डोळ्यांसाठीं. दखल मात्र मनाची. तिचा मूळ अर्थ प्रवेश. सूचना देणाऱ्याचें काम देतांच संपतें. घेणाऱ्याचें तेथून सुरू होतें.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे चारच्या सुमारास किल्लारी व आसपासचीं गांवें भूकंपानें कोसळलीं. हजारों माणसें झोपेंतच गेलीं. १९९२ सालीं त्या भागांत लहान धक्के बसले होते. परंतु लहान धक्क्यांवरून मोठ्याची वेळ सांगण्याची विद्या आजही मनुष्याला साधलेली नाहीं. म्हणून तेथील लोकांना दोष देणें सर्वथा अनुचित होय. दगडमातीच्या जड घरांनीं मात्र पुष्कळ जीव घेतले. त्याची दखल पुढें घेतली गेली व पुनर्वसनांत भूकंप सोसतील अशीं घरें बांधण्यांत आलीं. ‘अमका थोडक्यांत वांचला’ असें आपण सहज म्हणतों. तेथें या शब्दाचें मोल कळतें.

पालकांसही दोन शब्द सांगावेसे वाटतात. शाळेंतून आलेल्या मुलाला ‘आज काय झालें?’ म्हणून विचारावें, तर पुष्कळदां ‘कांहीं नाहीं’ एवढेंच उत्तर मिळतें. बहुधा तें खरेंही असतें. पण बडबडें मूल आठ-आठ दिवस तेवढेंच बोलूं लागलें, डबा तसाच परत आणूं लागलें, तर तें उत्तर थोडकें असलें तरी संक्षेप नव्हे; त्यांत बरेंच सांगावयाचें राहिलेलें असतें. वर्गांत साठ मुलांपुढें उभे असतां आमच्या नजरेंतून तें निसटूं शकतें. अशा वेळीं रागें न भरतां त्याच्याजवळ बसावें, आणि आम्हांसही कळवावें. चिठ्ठी दोन ओळींची असली तरी चालेल; तिची दखल घेणें आमचें कर्तव्य आहे.