रावण कोण होणार?

मित्रमैत्रिणींनो, ‘रामायण’ नावाचा एक भला मोठ्ठा सिनेमा येतोय, हे मी तुम्हांला सांगायला नकोच. तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त माहिती असणार! राम कोण? रणबीर कपूर. सीता? साई पल्लवी. लक्ष्मण रवी दुबे, हनुमान सनी देओल. आणि रावण? कन्नड सिनेमातला यश, तुमच्या ‘केजीएफ’वाला! ३ जुलै २०२५ रोजी पहिली झलक दाखवली गेली. पहिला भाग २०२६ च्या दिवाळीला नि दुसरा २०२७ च्या दिवाळीला, असं निर्मात्यांनी जाहीर केलं. आणि खर्च? निर्माते नमित मल्होत्रा यांनी दोन्ही भागांचा मिळून आकडा सांगितला सुमारे ४,००० कोटी रुपये! शून्यं मोजायला बसलात तर मधली सुट्टी संपून जाईल.

तुम्ही म्हणाल, “ताई, हे तर आम्हांला पाठ आहे. नवं काही सांग की!”

सांगते. मी आहे धारणीची. अमरावती जिल्ह्याचा नकाशा काढा नि बोट वर वर सरकवत न्या. डोंगर लागतील, जंगल लागेल, मध्य प्रदेशाची हद्द लागायला येईल. तिथे आमचं धारणी, मेळघाटात. बाजारात उभं राहिलात तर एका कानात मराठी, दुसऱ्या कानात हिंदी, आणि दोन्हींच्या मधून वाहणारी कोरकू भाषा. या सिनेमातल्या नटांची नावं जाहीर झाली तेव्हा माझ्या ओळखीच्या काही घरांत पहिला प्रश्न रामाचा नव्हताच. “रावन कोन हाय?” हा पहिला प्रश्न. तो का, ते कळायला थोडा धीर धरावा लागेल, कारण आधी चेहऱ्यांबद्दल बोलायचंय.

दूरदर्शनवर रामानंद सागर यांचं ‘रामायण’ सुरू झालं २५ जानेवारी १९८७ ला. मी सहा वर्षांची होते. रविवारी सकाळी साडेनऊला टीव्ही असलेल्या घरात अख्खी आळी जमायची. आमच्या डोंगरात चित्र कमी नि मुंग्या जास्त! एक पोरगा कौलांवर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून सगळे ओरडायचे, “आलं, आलं! गेलं, गेलं!” पण त्या मुंग्यांतूनसुद्धा अरुण गोविल यांचा शांत, हसरा चेहरा असा काही डोक्यात बसला की बस्स! आजही कुणी ‘राम’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तोच येतो. दारासिंग यांना वगळून मारुती डोळ्यांपुढे आणून दाखवा बरं, जमतं का? माझ्या वयाच्या माणसांना तरी जमत नाही. कितीतरी घरांत टीव्हीला हार घालून, उदबत्ती लावून मग बघायला बसत. आणि गंमत बघा, तेच अरुण गोविल नव्या सिनेमात दशरथ झाले आहेत. रामाचा बाप!

त्या मालिकेतले रावण, अरविंद त्रिवेदी, यांची गोष्ट तर आणखी मजेची. ते गेले होते केवटाच्या भूमिकेसाठी. केवट म्हणजे रामाला गंगा पार करून देणारा नावाडी. ते खोलीतून जाऊ लागले नि त्यांची चाल बघून सागर म्हणाले की आपल्याला रावण सापडला! असं त्रिवेदी स्वतःच सांगायचे. म्हणजे एका माणसाने दुसऱ्याला चार पावलं चालताना पाहिलं, आणि पुढची कित्येक वर्षं सगळ्या देशाचा रावण तसाच चालायला लागला.

चेहरा निवडायचं हे काम आपल्याकडे सुरू झालं ते आपल्याच मराठी माणसापासून. दादासाहेब फाळके! ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला. पण त्याआधी तारामती मिळता मिळेना. कुठलीच बाई कॅमेऱ्यापुढे उभी राहायला तयार नाही. तेव्हा फार हलकं काम समजत ते. शेवटी फाळक्यांना तारामती कुठे सापडली असेल? ग्रँट रोडच्या एका खाणावळीत! तिथे स्वयंपाकाचं काम करणारे अण्णा साळुंके. नाजूक बोटं, नाजूक अंगकाठी. महिना दहा रुपये मिळत होते, फाळक्यांनी पंधरा देऊ केले, आणि खाणावळीतला माणूस झाला महाराणी तारामती. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. हो, दोन्ही! पडद्यावर राम आला की लोक पायातल्या वहाणा काढून ठेवत, असं सांगतात. पंधरा रुपये आणि चार हजार कोटी, दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून बघा एकदा.

मला मात्र वाटतं, फाळक्यांचं काम सोपंच होतं. त्यांच्या आधी लोकांच्या डोक्यात हलत्या चित्रातला राम नव्हताच. आज जो कुणी राम होईल त्याला आधीच्या सगळ्या रामांशी झगडायचं असतं. २०२३ साली ओम राऊत यांचा ‘आदिपुरुष’ आला होता, आठवतं? त्यात मारुती झाले होते आपले देवदत्त नागे, ‘जय मल्हार’मधले खंडोबा! प्रभास राम होता, सैफ अली खान रावण. संवादांवरून भांडणं झाली, आणि रावणाच्या केसांवरून नि अवतारावरूनही लोक फार रागावले. “आमचा रावण असा नव्हता!” असं म्हणाले. म्हणजे बघा, ज्याला आपण दसऱ्याला जाळतो, त्याचा चेहरासुद्धा आपण इतका जपून ठेवलेला असतो.

आता आमच्या शाळेत चला. १९९३ चा सुमार, मी सातवीत. स्नेहसंमेलनाला रामायणातला प्रवेश बसवायचा ठरलं. आमचे सर (नाव नाही सांगत, आणि माणूस वाईट नव्हता) वर्गात फिरून एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत गेले. “तू राम. तू सीता. तू लक्ष्मण.” गोरी पोरं, बाजारपेठेतली, इस्त्रीच्या कपड्यांतली. मग मागच्या बाकांकडे वळले. तिथे आश्रमशाळा सोडून आमच्याकडे आलेली, आजूबाजूच्या पाड्यांवरची कोरकू पोरं बसायची. “तुम्ही सगळे राक्षस. आणि तू, तू चांगला उंच आहेस, तू रावण.” वर्ग खो खो हसला. मी वानरसेनेत होते. मी हसले की नाही ते आता आठवत नाही, पण त्या मागच्या बाकांवर कुणी हसलं नाही, हे पक्कं आठवतं.

तालमी सुरू झाल्या. रावण झालेला मुलगा झकास काम करायचा. आवाज असा की पत्रे थरथरत! शेवटच्या दिवशी सरांनी सांगितलं, बाण लागला की तू खाली पड. मग वर कागदी पुतळा आणून पेटवू, दसऱ्यासारखा. टाळ्या पडतील.

तो म्हणाला, “सर, मरीन मी. पन जळनार नाही.”

“अरे, तुला कुठे जाळतोय? पुतळा आहे तो!”

“पुतळा बी नाही. रावन आमचा हाय. आमाले त्यानंच तं मांगून घेतलं म्हादेवापाशी.”

सर गप्प. आम्ही गप्प. कुणाला काही समजेना. मग डबा खाताना आम्ही त्याच्याभोवती कोंडाळं केलं नि त्याने जे सांगितलं ते असं होतं. पुढे मोठेपणी मला हीच गोष्ट एका जुन्या ग्रंथातही सापडली, रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये छापलेल्या. तुम्हांलाही सांगते, फार सुंदर आहे.

एकदा रावणाने पाहिलं, विंध्य आणि सातपुड्याचे डोंगर केवढे मोठे, पण तिथे माणूस म्हणून नाही! त्याला वाईट वाटलं. तो महादेवाकडे गेला नि म्हणाला, इथे माणसं वसव. महादेवाने कागेश्वर नावाच्या कावळ्याला धाडलं, जा, तांबड्या मातीचं वारूळ शोधून आण. कावळ्याला ते सापडलं बैतूलच्या डोंगरांत. महादेवाने त्या मातीची एक बाईची नि एक पुरुषाची मूर्ती केली. पण इंद्राने धाडलेले दोन आगीचे घोडे जमिनीतून निघाले नि त्यांनी मूर्ती तुडवून माती करून टाकली! दुसऱ्या दिवशी पुन्हा केल्या, पुन्हा तुडवल्या. मग महादेवाने काय केलं? आधी मातीचा कुत्रा केला नि त्यात जीव फुंकला. कुत्रा घोड्यांवर भुंकत सुटला, घोडे जवळ येईनात. तेवढ्यात महादेवाने दोन मूर्ती पुन्हा घडवल्या. तीच मुला आणि मुलई, कोरकूंचे पहिले आईबाप.

कोरकू या शब्दाचा अर्थच मुळी ‘माणसं’. कोरो म्हणजे माणूस, ‘कू’ लावलं की अनेक. आता सांगा, ज्याने मागणी घातली म्हणून आपण जन्माला आलो, त्याचा पुतळा आपल्याच हातांनी कोण पेटवील?

त्या संमेलनात पुतळा पेटला नाही. सरांनी काही बोलून दाखवलं नाही, पण कागदी पुतळा शेवटपर्यंत आणलाच नाही. रावण पडला तेव्हा टाळ्या पडायच्या त्या पडल्याच, रामापेक्षा जास्त! तो मुलगा पुढे दहावीनंतर कुठे गेला ते मला माहीत नाही. पण इतक्या वर्षांत मी टीव्हीवर, सिनेमात, रामलीलेत जितके रावण पाहिले, त्या सगळ्यांमागे मला त्याचाच आवाज ऐकू येतो. “मरीन मी. पन जळनार नाही.”

म्हणून म्हणते, ‘रावण कोण होणार’ ही बातमी सगळीकडे सारखी वाचली जात नाही. मुंबईत ती वाचतात नटासाठी. यशच्या मिशा, यशचं शरीर, यशचं मानधन. आमच्याकडे काही लोक ती वाचतात म्हाताऱ्या आजोबांची खबर आल्यासारखी. तो कसा दाखवतील? नुसता दात विचकणारा काळाकभिन्न राक्षस, की वीणा वाजवणारा, शिवभक्त, विद्वान राजा? गेली काही वर्षं आदिवासी संघटना रावणदहन थांबवा म्हणून सरकारला निवेदनं देत आहेत. ते बरोबर की चूक, यावर मोठी माणसं भांडत राहतील. तुम्ही भांडण्याआधी ती मुला-मुलईची गोष्ट ऐकून ठेवा, एवढंच माझं म्हणणं.

मला थोडी आशा आहे, आणि ती उगाच नाही. या सिनेमाचे दिग्दर्शक नितेश तिवारी. ‘दंगल’ त्यांचाच. ते मूळचे कुठले, माहितेय? इटारसीचे! म्हणजे आमच्याच सातपुड्याच्या पलीकडच्या अंगाचे. धारणी या बाजूला, इटारसी त्या बाजूला, आणि मधे बैतूलचे डोंगर, जिथे कागेश्वर कावळ्याला तांबडं वारूळ सापडलं होतं. तिकडेही कोरकू वस्त्या आहेत. लहानपणी त्यांच्या कानांवर ही गोष्ट पडली असेल, असं मला उगीचच वाटत राहतं. सीता झालेली साई पल्लवीसुद्धा डोंगरातलीच मुलगी बरं का, नीलगिरीतल्या बडगा समाजाची. डॉक्टरकी शिकलेली आहे ती!

यश रावण म्हणून शोभेल का? माझं मत विचाराल तर, आवाजावर अवलंबून आहे. दहा तोंडं संगणकावर करता येतात. पत्रे थरथरवणारा आवाज मात्र एकाच तोंडातून यावा लागतो.

मोठ्या पडद्यावर बघायला आम्ही घाट उतरून परतवाड्याला जाऊ, नाहीतर हद्दीपलीकडे बुऱ्हाणपूरला. सोबत येणाऱ्या मंडळींत दोन कोरकू पोरी आहेत, एक आठवीतली, एक सहावीतली. त्यांना मी यशचा फोटो दाखवला. थोरलीने तो मान तिरकी करून बराच वेळ पाहिला.

“बरा हाय,” ती म्हणाली. मग म्हणाली, “आन् मेघनाथ?”

खरंच की! होळीच्या दिवसांत मेळघाटातल्या काही गावांत मेघनाथाची यात्रा भरते. उंच खांब रोवतात, ढोल वाजतात, लोक नवस फेडायला येतात. हातात हात घालून बाया नाचतात, पोरं रस्ता अडवून फगवा मागतात. तो मेघनाथ म्हणजे रावणाचाच पोरगा. पोरींना तो रावणापेक्षाही जवळचा, कारण त्याच्या यात्रेत दरवर्षी भजी मिळतात.

“पहिल्या भागात नसला तं दुसऱ्यात असंन,” धाकटी म्हणाली. “तवाही आपन जाऊ.”