कान्हेरीच्या वाटेवरची पांढरी फुले

२०२४ च्या ऑगस्टमध्ये, वर्षावासाच्या दिवसांत, आम्ही वस्तीतील वीस-बावीस मुले-माणसे मिळून कान्हेरी लेणी पाहण्यास गेलो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात काळ्या कातळात कोरलेली ही शंभरावर लेणी. पावसाळ्यात भिक्खू संघ येथे मुक्कामाला असे.

लेण्यांजवळ साग, ऐन, खैराच्या झाडांखाली गवतासारख्या पानांचे झुबके दिसले. मधून सरळ दांडा वर आलेला आणि त्यावर सहा पाकळ्यांची शुभ्र फुले. ही सफेद मुसळी. शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम. फादर सांतापाऊ व फर्नांडिस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिला बोरिवलीचे नाव दिले. स्टेशनच्या पाटीवरचे नाव जगातल्या वनस्पतिग्रंथांत आहे, हे ऐकून मुले हरखली.

"अहो भाऊ, ही तर आपली फोडशीच की!" सोबतच्या मावशी म्हणाल्या. खरेच, पहिल्या पावसानंतर आदिवासी भगिनी बाजारात फोडशीच्या जुड्या घेऊन बसतात, ती भाजी याच जातकुळीतली. बारीक चिरून, कांदा व मूगडाळ घालून आपल्या घरीही होते.

तेवढ्यात एका मुलाने काठीने उकरून एक झाड उपटले. खाली बोटांसारख्या जाड मुळांचा घोस! आम्ही त्याला जवळ बसवले. पावसाळा सरला की हिची पाने पिवळी पडून वाळतात. झाड मेले असे वाटते, पण जीव मुळांत असतो. पुढच्या पावसात तेथूनच नवा कोंब येतो. चार पाने खुडली तरी झाड जगते, पण मुळासकट नेले की संपले. ताकदीचे औषध म्हणून या मुळांना भाव आला आणि देशातल्या रानारानांतून ती ओरबाडली गेली. पुढे शेतात लागवड सुरू झाली, तरी रानातली मुसळी विरळ झालीच.

पावसात हिंडताना कोवळे गवत व लहान जीव तुडवले जाऊ नयेत, म्हणून तथागतांनी वर्षावासाचा नियम घालून दिला, हेही त्याला सांगितले. मुलगा काही बोलला नाही. त्याने हातानेच खड्डा केला, झाड पुन्हा लावले आणि माती दाबली.

वाचकहो, पावसाळ्यात मुलांना कान्हेरीला अवश्य न्या. फुले डोळे भरून पाहा. मुळे मात्र तिथेच राहू द्या.